पायथनच्या पोटातलं फोर्ट्रान

पायथनमध्ये एकसामयिक समीकरणं सोडवायला एक ओळ पुरते. पण तिच्यामागे राबतं ते 'डीजीईएसव्ही' नावाचं रूटीन. नाव असं तुटक, कारण जुन्या फोर्ट्रानमध्ये नावाला सहाच अक्षरांची मुभा होती.

फोर्ट्रान १९५७चं, आयबीएममधल्या जॉन बॅकस यांच्या गटाचं. हे रूटीन ज्या संग्रहातलं, तो लापॅक १९९२चा. पायथनवाल्यांनी तो नव्यानं लिहिला नाही; मधे दुभाष्या बसवला.

दुभाष्याचं काम मात्र सोपं नव्हतं. फोर्ट्रान मॅट्रिक्स स्मृतीत स्तंभामागून स्तंभ अशी ठेवतं, सी ओळीमागून ओळ. चौरस मॅट्रिक्स तशीच पलीकडे दिली, तर ओळींचे स्तंभ होतात. आकार जुळतो, त्यामुळे एरर येत नाही; उत्तर येतं, पण भलत्याच प्रश्नाचं. पूल बांधताना असं उत्तर कुणाच्या हाती पडलं तर? शिवाय फोर्ट्रानला सहसा किंमत नव्हे, तिचा पत्ता द्यावा लागतो, आणि अनेक कंपायलर नावाच्या शेवटी अंडरस्कोअर चिकटवतात!

पिअरू पीटरसन यांच्या 'एफ-टू-पाय'नं ही हमाली संपवली. ते फोर्ट्रान वाचून मधला सी कोड स्वतःच लिहितं. विज्ञानात पायथन रुजलं, त्याचं श्रेय भाषेच्या सोपेपणाला सर्रास दिलं जातं. माझ्या मते निम्मं तरी या दुभाष्याचं आहे.

सोय झाली की मूळ कोड उघडायला कुणी जात नाही. फोर्ट्रान ७७ जाणणारे आता विरळ. म्हणून सायपायमधली जुनी रूटीनं एकेक करून दुसऱ्या भाषांत उतरवण्याचं काम गेल्या काही वर्षांत हाती घेतलं गेलं आहे. लापॅक मात्र अजून जागच्या जागी आहे.