गादी राजाची, गादी पेढीची

मराठीत राजाही गादीवर बसतो आणि सावकारही. बडोद्यात या दोन गाद्या एकमेकींना किती खेटून होत्या, हे दांडिया बाजाराच्या मराठी वस्तीला वेगळे सांगायला नको. गायकवाडी राज्यात वसूल हाती येण्याआधीच खर्च दारात उभा असे. पोतेदारीच्या पद्धतीने पेढ्या ती रक्कम उचलून देत आणि पुढे महसुलातून व्याजासकट वळती करून घेत. हरिभक्तींची पेढी गुजराती, तर गोपाळराव मैराळ मराठी सावकार. ते तर राज्याच्या दिवाणपदापर्यंत पोचले. तेव्हा पेढीवरून कारभारात येणे ही बडोद्याला लोकशाहीने दाखवलेली नवलाई नव्हे. म्हणूनच फत्तेसिंहराव गायकवाडांची कारकीर्द ‘राजा निवडणुकीला उभा राहिला’ एवढ्या वाक्यात गुंडाळणे अपुरे आहे. पूर्वी पेढी राजगादीला पत पुरवत असे. त्यांच्या हाती राजगादीच भांडवल झाली.

घटनाक्रमच पाहावा. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५१ मध्ये वडील महाराज प्रतापसिंहरावांना पदावरून दूर करण्यात आले आणि एकविशीतले फत्तेसिंहराव महाराज झाले. राज्य नव्हते, होते ते तनखा, मालमत्ता आणि नाव. १९५७ आणि १९६२ मध्ये ते काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून गेले. त्याच सुमारास सुरतेजवळ उधना येथे बडोदा रेयॉन कॉर्पोरेशन उभी राहिली. सुरतेच्या मागांना नकली रेशमाचे सूत हवे होते, ते ही गिरणी काढू लागली. कंपनीच्या अध्यक्षपदी महाराज होते आणि परिसराला नाव पडले फत्तेनगर. १९६७ साली ते गुजरात विधानसभेत आले आणि आरोग्य, मत्स्योद्योग व तुरुंग ही खाती सांभाळणारे मंत्री झाले. संस्थानिकाचा उद्योगपती आणि उद्योगपतीचा आमदार, हा प्रवास जेमतेम सोळा वर्षांचा.

यावर आक्षेप येईल की मते मुकुटाला पडली, गिरणीला नव्हे. पहिल्या दोन निवडणुकांपुरते हे मान्यच करायला हवे. पण १९६७ मध्ये महाराज विधानसभेकडे वळले, तेव्हा बडोद्याने लोकसभेवर पाठवले ते स्वतंत्र पक्षाच्या पाशाभाई पटेलांना. १९७१ मध्ये इंदिरा गांधींची लाट असताना फत्तेसिंहराव संघटना काँग्रेसकडून जिंकले. त्याच वर्षाअखेर सव्विसाव्या घटनादुरुस्तीने किताब आणि तनखे गेले. तरी १९७७ मध्ये ते पुन्हा लोकसभेवर गेले, या वेळी काँग्रेसकडून. किताब गेला, पक्ष बदलले, मते टिकली. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: परवाना-राजवटीत कारखानदार सत्तेजवळ बसला, तर हितसंबंधांची गल्लत होणारच. ही शंका रास्त आहे आणि कोणत्याही उद्योजक आमदाराबद्दल ती घेतलीच पाहिजे. मात्र रुग्णालये, मासेमारी आणि तुरुंग यांचा सुताच्या धंद्याशी सांधा जुळत नाही. नुसत्या जवळिकीला पुरावा म्हणता येत नाही.

विधिमंडळातला त्यांचा काळ मात्र थोडा, १९७१ पर्यंतचा. आमदार म्हणून त्यांना मोठे म्हणता येणार नाही. मोल आहे ते त्यांनी दाखवलेल्या वाटेचे: आधी नावाची पत, मग भांडवल, मग मत. आज कारखान्यातून किंवा बांधकामाच्या धंद्यातून विधानसभेत जाणारे याच वाटेने चालतात, फक्त त्यांच्या मागे राजवाडा नसतो. अशी पत वारशाने मिळाली, तरी हुंडी दर वेळी नव्याने वटवावी लागते. १९९६ मध्ये बडोद्यातून गायकवाड घराण्यातले सत्यजितसिंह लोकसभेवर गेले, ते अवघ्या १७ मतांनी.