सिंगापूरची नदी आणि तिच्या काठची माणसे

सिंगापूर पाहून आलेला गृहस्थ तेथील स्वच्छतेचे वर्णन करू लागला, की बैठकीतील कोणीतरी ‘तिथे दंड कडक आहेत हो’ असे म्हणून विषय संपवतो. आमच्या इंदुरात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आता त्याची चीड येते. नगररचनेचे व भूसंपादनाचे कागद तीस वर्षे हाताळल्यामुळे असेल, पण हे उत्तर मला नेहमी अपुरे वाटत आले. दंडाच्या भीतीने फार तर रस्त्यावर कागद पडायचा थांबतो. नदी त्याने निवळत नाही आणि बंदरातल्या हमालाला घरही मिळत नाही.

१९५९ साली सिंगापूरला अंतर्गत स्वराज्य मिळाले तेव्हा गावाची स्थिती बिकट होती. व्यापार दुसऱ्यांच्या मालाच्या चढउतारावर चालत होता, बेकारी वाढत होती आणि लाखो माणसे लाकूड-पत्र्याच्या झोपड्यांत राहत होती. इंग्रजी अमदानीतल्या सुधार मंडळाने १९२७ पासून बत्तीस वर्षांत सुमारे २३ हजार घरे बांधली होती. फेब्रुवारी १९६० मध्ये नवे गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. लिम किम सान हे मूळचे व्यापारी गृहस्थ त्याचे पहिले अध्यक्ष. या मंडळाने पहिल्या पाच वर्षांतच ५० हजारांहून अधिक घरे उभी केली.

याच काळात संयुक्त राष्ट्रांच्या वतीने आलेले डच अर्थतज्ज्ञ आल्बर्ट विन्सेमियस यांनी कारखानदारीची योजना आखून दिली आणि अर्थमंत्री गो केंग स्वी यांनी जुरोंगच्या दलदलीत औद्योगिक वसाहत उभारायला घेतली. घरे आणि कारखाने ही दोन खाती वेगळी असली तरी हिशेब एकच होता. कामगाराला घर स्वस्त मिळाले तर तो मजुरीसाठी फार ताणून धरत नाही, आणि मजुरी आवाक्यात राहिली तर परदेशी कारखानदार येतो. १९५५ साली सुरू झालेल्या सक्तीच्या भविष्यनिधीतून घराचे हप्ते फेडण्याची मुभा १९६८ मध्ये दिली गेली आणि ही साखळी पुरी झाली. पुढे १९८५ ची मंदी आली, तेव्हा सरकारने मालकाचा हप्ता पगाराच्या २५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला. उद्योगाला सवलत मिळाली ती कामगाराच्या बचतीतून, हे विसरता येत नाही.

२५ मे १९६१ रोजी बुकित हो स्वी या वस्तीला आग लागून सुमारे १६ हजार माणसे उघड्यावर आली. वर्ष पुरे होण्याच्या आत त्याच परिसरात नवे गाळे तयार झाले. त्यासाठी कायदा बदलून जळालेल्या जमिनीचा मोबदला मोकळ्या जागेच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून अधिक द्यायचा नाही असे ठरले. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने सरकारचा हात आणखी मोकळा केला. आपल्याकडे असा कायदा न्यायालयात किती दिवस टिकला असता, याचा विचार मी सेवेत असताना अनेकदा केला आहे.

येथे आपल्याशी संबंध असलेले एक नाव सांगितले पाहिजे. ओटो क्योनिग्सबर्गर हे जर्मनीतून परागंदा झालेले वास्तुविशारद १९३९ पासून म्हैसूर संस्थानच्या सेवेत होते. भुवनेश्वरचा आराखडा त्यांचा. १९६३ मध्ये दोन सहकाऱ्यांसह ते सिंगापूरला सल्ला देण्यासाठी गेले. काही जुने जपावे, काही दुरुस्त करावे आणि काही नव्याने बांधावे, असा त्यांचा तिहेरी सल्ला होता. इंदूरच्या वाचकाला हे वाचून पॅट्रिक गेडिस आठवतील. होळकर दरबाराला १९१८ साली सादर केलेल्या अहवालात त्यांनीही जुन्या गल्ल्या सरसकट न पाडता मोजकी घरे काढून हवा-उजेड आणण्याचाच आग्रह धरला होता. सिंगापूरने मात्र दीर्घकाळ तिसराच भाग मनावर घेतला. जुन्या वस्त्यांना कायद्याचे संरक्षण मिळायला १९८९ साल उजाडले.

आता नदी. सिंगापूर नदी आणि कल्लांगचे खोरे म्हणजे उघडी गटारेच होती. वर डुकरे व बदके पाळणाऱ्यांच्या वाड्या, मध्ये कारखाने आणि शौचकूप नसलेली घरे, काठावर हजारो फेरीवाले, आणि मुखाशी वखारींचा माल वाहणारे पडाव. फेब्रुवारी १९७७ मध्ये पंतप्रधान ली कुआन यू यांनी दहा वर्षांत या पाण्यात मासेमारी व्हावी असे जाहीर सांगितले. अधिकाऱ्यांनी गाळ उपसण्यापासून सुरुवात केली नाही. घाण येते कुठून, हे आधी शोधले. सुमारे २६ हजार कुटुंबे नव्या घरांत गेली. सहाशेहून अधिक वराहपालन केंद्रे उठली. जवळपास पाच हजार फेरीवाल्यांना नळ व सांडपाण्याची सोय असलेल्या मंडयांत गाळे मिळाले. उरलेले सुमारे ८०० पडाव १९८३ मध्ये नदीचा आडोसा सोडून पासिर पांजांगच्या किनाऱ्याला गेले. मैल्याच्या टोपल्या जानेवारी १९८७ मध्ये कायमच्या बंद झाल्या आणि त्याच वर्षी नदी स्वच्छ झाल्याचे जाहीर झाले.

हे सारे नुसत्या इच्छाशक्तीने झाले असे मी म्हणणार नाही. १९७२ मध्येच तांजोंग पगार येथे कंटेनर धक्का सुरू झाला होता. पडावांचा धंदा तेव्हापासूनच उतरणीला लागला होता. नदीची व्यापाराला पूर्वीइतकी गरज उरली नव्हती. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा योगायोग वाटणार नाही.

सेवेच्या उत्तरार्धात एका नाल्याकाठची वस्ती हलवण्याचे काम माझ्याकडे आले होते. शहर कोणते, ते राहू द्या. भूखंड नऊ किलोमीटरवर मिळाले. पाणी सहा महिन्यांनी आले, बस आलीच नाही. धुणीभांडी करणाऱ्या बायकांची कामे जुन्या जागेजवळच होती. वर्षभरात निम्मी कुटुंबे परत नाल्यावर आली. पुनर्वसन पूर्ण झाल्याच्या अहवालावर माझी सही आहे. सिंगापूरच्या फाइलींत मला दंडापेक्षा हा क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी घर, नळ आणि वाहन, मग हुकूम.

तिकडेही सारे मिटलेले नाही. फेरीवाल्यांच्या खाद्यसंस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत मान मिळाला, पण पुढच्या पिढीला त्या गाळ्यांत उभे राहायचे नाही. आणि मंडळाची घरे विकत घेतली तरी ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. सुरुवातीच्या अनेक घरांचा निम्म्याहून अधिक पट्टा सरला आहे. मुदत संपल्यावर घर सरकारजमा होते, हे लोकांना कळत होते, पण वळत नव्हते. २०१७ मध्ये एका मंत्र्यांनी, प्रत्येक जुन्या इमारतीचे सरकार पुनर्वसन करील असे समजू नका, असे बजावले. ३१ डिसेंबर २०२० रोजी गेलांग भागातील १९१ खासगी बैठ्या घरांचा साठ वर्षांचा पट्टा संपला. त्या घरांचा मोबदला कोणालाही मिळाला नाही.