मृगाच्या पोटातला धूसर ठिपका

मृग म्हटलं की आपल्याला पेरणी आठवते. पण जूनमध्ये हे नक्षत्र दिसतच नाही, कारण तेव्हा सूर्य त्याच्याच घरात असतो. ते पाहायचं पौष-माघात, जेवणं उरकल्यावर. भाईंदरच्या दिव्यांपासून दूर, उत्तनच्या किनाऱ्यावर उभ्या राहिलात, तर चार पायांचे चार तारे आणि पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण लगेच ओळखू येतो. बाणाजवळ एक धूसर ठिपका आहे. त्याच्यावरून पुण्यातल्या एका माणसाने आपल्या गुरूचं म्हणणं खोडून काढलं होतं.

कावसजी नायगमवाला हे पारशी प्राध्यापक. भावनगरच्या तख्तसिंगजी महाराजांच्या देणगीतून त्यांनी 1888 साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभारली. विलायतेत त्यांना वाट दाखवणाऱ्यांपैकी एक नॉर्मन लॉकियर. लॉकियर म्हणत, उल्कांचे थवे एकमेकांवर आदळून तारे जन्मतात आणि तो ठिपका म्हणजे पहिली पायरी. पुरावा काय, तर उल्कांमधलं मॅग्नेशियम त्याच्या उजेडात दिसतं.

उजेडात धातू कसा दिसेल? चुलीत मिठाचा खडा पडला की ज्योत पिवळी होते ना, तसंच. प्रत्येक पदार्थाचा रंग ठरलेला. लोलकातून पाहिलं की त्या रंगांच्या वेगळ्या रेघा दिसतात. मॅग्नेशियमची खूण म्हणजे कडेला पुसट होत गेलेला पट्टा. नायगमवालांना दिसली बारीक, रेखीव रेघ. 1891 मध्ये त्यांनी तसं छापून टाकलं. इंग्रजी अमलात, एवढ्या मोठ्या साहेबाविरुद्ध! 1927 मध्ये उलगडलं, ती रेघ विरळ ऑक्सिजनची.

त्याच सुमारास अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत बायका अशाच रेघा निवडत होत्या, काहीजणी तासाला 25 सेंटवर. त्यांतल्या ॲनी कॅनन यांना कमी ऐकू येई. त्यांनी साडेतीन लाखांच्या आसपास तारे निवडले. अतितप्त निळ्या ताऱ्यांपासून थंड तांबड्यांपर्यंत ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही त्यांची उतरंड आजही चालते. आपला सूर्य जी गटातला.

आज आपल्याला कळतं, तो ठिपका म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, ताऱ्यांचं बाळंतघर. आणि मृगाच्याच एका कोपऱ्यातली तांबूस आर्द्रा एम गटातली, फुगलेली, शेवटच्या टप्प्यातली. एक दिवस तिचा स्फोट होईल.

नायगमवाला 1912 मध्ये निवृत्त झाले. वेधशाळा बंद पडली, दुर्बीण कोडाईकनालला गेली.