पडद्यावरील खिडक्या

मेजावर एकाच वेळी अनेक कागद मांडून काम करणे ही मनुष्याची जुनी सवय आहे. जमाखर्चाची वही उघडी असते, तिच्यावर पत्राचा मसुदा पडलेला असतो आणि मसुद्याखालून एखाद्या पावतीचे टोक डोकावत असते. कारकुनाला ह्यात अडचण वाटत नाही. कोणता कागद कशाखाली आहे हे त्याचा हात जाणतो. संगणकाला मात्र ही साधी गोष्ट साधण्यास कित्येक वर्षे लागली.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट ह्यांनी जाणकारांच्या सभेत माऊस चालवून दाखविला आणि एकाच पडद्याचे भाग पाडून त्यांत निरनिराळा मजकूर आणून दाखविला. पुढे, जिचे नाव भारतात नक्कल काढण्याच्या कामालाच पडले आहे, त्या झेरॉक्स कंपनीने १९७० साली पालो आल्टो येथे संशोधनकेंद्र स्थापिले. तेथे १९७३ साली 'आल्टो' हा संगणक तयार झाला. त्याचा पडदा कागदासारखा उभा, रुंदीत ६०६ आणि उंचीत ८०८ बिंदूंचा होता. एवढ्याशा जागेचे तुकडे तरी किती पाडावयाचे? ॲलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर काढले ते मेजावरचेच: चौकटी एकीवर एक ठेवाव्या.

१९७९ साली ॲपल कंपनीची मंडळी हे केंद्र पाहून गेली. त्यांत बिल ॲटकिन्सन होते. अर्धवट झाकलेल्या खिडकीतील मजकूर बदलला, तर तिचा उघडा भाग तेवढाच नव्याने रेखाटला जातो, असे तेथे पाहिल्याची त्यांची समजूत झाली. ते साधण्यासाठी त्यांनी खटपट करून एक नवी रीत शोधून काढली. मागाहून कळले की, झेरॉक्सच्या यंत्रात तशी सोय नव्हतीच! ही रीत १९८३ च्या 'लिसा'त व १९८४ च्या 'मॅकिंटॉश'मध्ये उतरली.

ही मांडणी सर्वांनीच लगेच पत्करली असे मात्र नव्हे. झेरॉक्सच्या १९८१ मधील 'स्टार' यंत्रात आणि मायक्रोसॉफ्टच्या १९८५ मधील पहिल्या 'विंडोज'मध्ये कामाच्या खिडक्या फरशीप्रमाणे शेजारी शेजारीच बसत. मायक्रोसॉफ्टने एकीवर दुसरी ठेवण्याची मुभा दिली ती १९८७ साली.

परंतु ढीग आला की शोधाशोध आली. खालची खिडकी दिसेना, आणि कामाऐवजी खिडक्या सरकविण्यातच वेळ जाऊ लागला. ह्या दुखण्याचा अभ्यास झेरॉक्सच्याच केंद्रात स्टुअर्ट कार्ड व ऑस्टिन हेंडरसन ह्यांनी केला, आणि १९८६ च्या सुमारास 'खोल्यां'ची कल्पना मांडली. प्रत्येक कामाला स्वतंत्र खोली. एका खोलीतून दुसरीत जावे, परत येता पहिलीतील मांडामांड जशीच्या तशी सापडावी. 'विंडोज ९५'ने १९९५ साली ह्याहून सोपा मार्ग धरला. पडद्याच्या तळाशी एक पट्टी आली, आणि तीत प्रत्येक उघड्या खिडकीचे एकेक बटण. आजच्या संगणकांत पट्टी आणि खोल्या दोन्ही नांदतात.

झाकलेले काम हरवू नये, एवढ्याचसाठी हा सारा खटाटोप झाला. कोणते काम कोठे ठेवले हे आता यंत्र चोख सांगते. त्यांतील कोणते आधी हातात घ्यावे आणि कोणते मिटून टाकावे, हे मात्र मेजापाशी बसलेल्या माणसालाच ठरवावे लागते.