गणतीबाहेरची बेकारी

बेकारी म्हटली की आम्हा मराठीच्या अध्यापकांना गिरणगाव आठवते: १९८२चा संप, जयंत पवारांचे ‘अधांतर’. त्याच संपकाळात गिरण्यांचे बरेच काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेले. तेथे उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर आणि तेलुगू पद्मशाली राबत होते. १९८४च्या दंगलीत ते माग थंडावले; पण बेकारांच्या गणतीत हे कारागीर क्वचितच आले. मजुरी विणलेल्या मीटरवर, हजेरीपटावर नाव नाही; मग काम गेल्याची नोंद कोठे होणार? नियमित पगाराच्या नोकरीत मुस्लिमांचे प्रमाण कमी आणि स्वयंरोजगारात अधिक, हे सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले. तेव्हा विषमता बेकारीच्या आकड्यात नव्हे, आकड्याबाहेरच शोधावी लागते. कामगारसाहित्य शिकवताना गिरणीच्या भोंग्याबरोबर मागाचा खडखडाटही आम्ही ऐकायला हवा होता.