नाव पुसू नये, नाव विकू नये

नातवाने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. "आजोबा, हा सगळ्यांना फुकट द्यायचाय. पण माझं नाव कुणी पुसू नये. कुठलं लायसन्स घेऊ?"

मी इतिहासाचा मास्तर, मला कायद्यातले काय कळणार! पण जुनी प्रकरणे उकरून वाचायची खोड काही जात नाही.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या 'बीएसडी' लायसन्समध्ये एक अट होती. सॉफ्टवेअरचा उल्लेख ज्या जाहिरातीत येईल, तिथे विद्यापीठाचे श्रेय छापायचे. मग इतरांनीही आपापल्या नावाने तीच अट लावली. रिचर्ड स्टॉलमन यांनी नेटबीएसडीच्या १९९७ च्या आवृत्तीत असे ७५ श्रेयोल्लेख मोजले! मला लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची यादीच आठवली. शेवटी २२ जुलै १९९९ ला विद्यापीठाने ती अट काढली. दोन गोष्टी मात्र ठेवल्या : मूळ हक्कसूचना गाळायची नाही, आणि परवानगीशिवाय आमचे नाव वापरून आपला माल खपवायचा नाही.

दुसरे प्रकरण बर्कलीच्याच एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांचे, रॉबर्ट जेकबसेन यांचे. छोट्या मॉडेल आगगाड्या चालवणारे 'जेएमआरआय' त्यांनी व इतर हौशी मंडळींनी फुकट दिले होते, 'आर्टिस्टिक लायसन्स'खाली. एका कंपनीने त्यातल्या फायली उचलल्या आणि लेखकांची नावे, हक्कसूचना गाळून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घातल्या. खालचे कोर्ट २००७ मध्ये म्हणाले, हा फार तर करारभंग. पण १३ ऑगस्ट २००८ ला फेडरल सर्किटच्या अपील कोर्टाने ते फिरवले. पैसे घेतले नाहीत म्हणून अटी पोकळ होत नाहीत. त्या मोडल्या तर कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. २०१० मध्ये तडजोड झाली, जेकबसेन यांना एक लाख डॉलर मिळायचे ठरले.

वाचताना आपले संत आठवले. अभंग सगळ्यांचा, पण शेवटी नाममुद्रा. तरी तुकोबांच्या नावावर इतरांच्या रचना चढल्याच. म्हणजे भीती दोन्हीकडून : नाव पुसले जाण्याची, आणि आपण न केलेल्याला ते चिकटण्याची.

नातवाला म्हटले, "तीन कलमी बीएसडी घे. त्यात दोन्हींची सोय आहे."

त्याने पहिल्याच ओळीत वर्ष आणि स्वतःचे पूर्ण नाव लिहिले. मधले नाव अर्थातच माझ्या मुलाचे. मी काही बोललो नाही, पण चष्मा मात्र पुसावा लागला.