अल्पव्ययी स्लॅशर चित्रपटाची संग्राह्यता

अल्पव्ययी स्लॅशर चित्रपट डिस्कवर विकत घ्यावा की नाही, या प्रश्नात तीन संज्ञा गुंतलेल्या आहेत: स्लॅशर, अल्पव्ययी आणि संग्राह्य. त्यांचे अर्थ निश्चित केल्यावरच निर्णयाकडे वळता येते.

ज्या चित्रपटात मारेकरी मर्यादित गटातील माणसांना, बहुधा तरुणांना, हाती धरण्याच्या हत्याराने एकेक करून मारतो आणि ही हत्यामालिकाच कथानकाचा कणा असते, तो स्लॅशर. लक्षणातून ‘मालिका’ हे पद काढल्यास एका खुनावर बेतलेला प्रत्येक रहस्यपट आत येतो, ही अतिव्याप्ती. ‘धारदार’ हे पद घातल्यास ‘स्लेजहॅमर’ (१९८३) या चित्रपटातला घणवाला मारेकरी बाहेर राहतो, ही अव्याप्ती. म्हणून वरील लक्षण.

अल्पव्ययी ही संज्ञा सापेक्ष आहे. ‘स्टार वॉर्स’ला (१९७७) सुमारे १ कोटी १० लाख डॉलर खर्च आला, पुढच्याच वर्षी जॉन कारपेंटर यांचा ‘हॅलोवीन’ ३ लाखांहून थोड्या अधिक डॉलरांत आणि १९८० चा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ सुमारे साडेपाच लाख डॉलरांत तयार झाला. समकालीन मोठ्या निर्मितीच्या तुलनेत ज्याचा खर्च असा अत्यल्प असतो, तो चित्रपट येथे अल्पव्ययी मानला आहे.

संग्राह्यतेसाठी चित्रपटांच्या तीन श्रेणी कराव्या लागतात: (१) पाहण्याजोगा, (२) पुन्हा पाहण्याजोगा, (३) जवळ ठेवण्याजोगा. पहिल्या श्रेणीसाठी खरेदीची गरज नाही. एकदाच्या दर्शनाला भाड्याची प्रत किंवा स्ट्रीमिंग पुरते. खरेदीचा विचार दुसऱ्या श्रेणीपासून सुरू होतो. परंतु दुसरी श्रेणी गाठली म्हणजे तिसरी आपोआप गाठली, असे होत नाही. त्यासाठी डिस्कमध्ये असे काही असावे लागते, जे अन्य मार्गाने तितक्या चांगल्या स्वरूपात किंवा तितक्या खात्रीने मिळत नाही.

आता स्लॅशर दुसरी श्रेणी कशी गाठतो ते पाहू. मारेकरी कोण आणि कोण वाचणार, ही दोन्ही कुतूहले पहिल्याच दर्शनात संपतात. मागे दोन गोष्टी उरतात: चित्रचौकटीची रचना आणि हस्तनिर्मित इफेक्ट. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मध्ये पलंगावर निजलेल्या तरुणाच्या गळ्यातून बाण वर येतो. या दृश्यात नट केव्हिन बेकन यांचे डोके खरे, तर मान व छाती इफेक्ट-कारागीर टॉम साविनी यांनी घडवलेली. रक्ताची नळी ऐन वेळी निसटली, तेव्हा पलंगाखालच्या सहायकाने तोंडाने फुंकून रक्त वर ढकलले. पहिल्या वेळी प्रेक्षक दचकतो. दुसऱ्या वेळी तो खऱ्या-खोट्या मानेचा सांधा शोधतो. तेव्हा पुनर्दर्शनाचे मूल्य कथेत नसून कारागिरीत आहे, आणि कारागिरी दिसणे हे प्रतीच्या गुणवत्तेवर अवलंबून आहे.

प्रतीची गुणवत्ता तीन अंगांनी तपासावी: मूळ, पाठ आणि प्रतिरूपण.

मूळ म्हणजे ज्या साहित्यावरून डिस्क तयार झाली ते. त्याचे उतरते तीन दर्जे आहेत: कॅमेरा निगेटिव्ह, चित्रपटगृहात फिरलेली प्रिंट आणि व्हिडिओ टेप. ‘द टेक्सास चेन सॉ मॅसॅकर’ (१९७४) १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाला, तरी २०१४ मध्ये त्याचे ४के पुनरुज्जीवन शक्य झाले; कारण लहान फिल्मवरही डीव्हीडीत मावेल त्याहून अधिक तपशील असतो. उलट ‘स्लेजहॅमर’ मुळातच व्हिडिओवर चित्रित आहे. तेथे मूळच मर्यादित असल्याने ब्लू-रेचा वाढीव तपशील उपयोगी पडत नाही.

पाठ म्हणजे चित्रपटाची कापलेली किंवा न कापलेली संहिता. अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्रासाठी या चित्रपटांना कात्री लागली, आणि ती नेमकी इफेक्टवर चालली. कॅनडातील खाणगावात घडणारा ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ (१९८१) हे याचे ठळक उदाहरण. खाणकामगाराच्या वेषातला मारेकरी टिकाव उगारतो आणि कारागिरी दिसण्याआधीच दृश्य तुटते. वगळलेल्यांपैकी सुमारे तीन मिनिटांचा भाग २००९ च्या आवृत्तीत परत आला. जोडलेले तुकडे बाकीच्या चित्राहून निकृष्ट दिसतात, पण पाठ पूर्णतेच्या जवळ गेला. मात्र लांब पाठ म्हणजे श्रेष्ठ पाठ नव्हे. दूरचित्रवाणीसाठी १९८१ मध्ये ‘हॅलोवीन’ला जोडलेली दृश्ये लांबी वाढवतात, भय वाढवत नाहीत.

प्रतिरूपण म्हणजे स्कॅन, रंगनिश्चिती आणि संपीडन. यात चार दोष संभवतात. (१) गतीचा: जुन्या युरोपीय डीव्हीडींवर सेकंदाला २४ चौकटींऐवजी २५ चौकटी चालतात, त्यामुळे ९१ मिनिटांचा ‘हॅलोवीन’ सुमारे ८७ मिनिटांत संपतो. (२) रंगाचा: ‘हॅलोवीन’ वसंत ऋतूत कॅलिफोर्नियात चित्रित झाला आणि रंगवलेली पाने पसरून शरद ऋतू उभा केला गेला, रंगनिश्चिती चुकली की हा बनाव उघडा पडतो. छायालेखक डीन कंडी यांच्या देखरेखीखाली २०१३ ची ब्लू-रे निघाली, हे म्हणूनच महत्त्वाचे. (३) कणांचा: फिल्मचे कण पुसून चित्र गुळगुळीत केले की चेहरे मेणाचे दिसतात. (४) अंधाराचा: ‘हॅलोवीन’ची नायिका लॉरी भिंतीला टेकून उभी असताना मागच्या काळोख्या दारात मारेकऱ्याचा पांढरा मुखवटा हळूहळू उजळतो. ब्लू-रेचे चित्र सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जाऊ शकते. स्ट्रीमिंगचे साधारणतः त्याहून बरेच कमी असते. संपीडन अति झाल्यास त्या काळोखाचे चौकोनी ठोकळे होतात आणि मुखवट्याचे हळूहळू उमटणे नष्ट होते.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा: हे चित्रपट झिजलेल्या टेपवरच लोकप्रिय झाले, मग स्वच्छ प्रतीचा आग्रह कशाला? समाधान असे: ‘हॅलोवीन’ची चौकट २.३५:१ या प्रमाणात रचलेली आहे. जुन्या दूरचित्रवाणीच्या आकारात ती कापून बसवली की चित्राचा सुमारे ४३ टक्के भाग जातो, आणि मारेकरी अनेकदा चौकटीच्या कडेलाच उभा असतो. टेप हे या चित्रपटाचे नंतरचे रूप होय, मूळ रूप नव्हे. ‘ब्लड कल्ट’सारख्या (१९८५) थेट घरगुती व्हिडिओसाठी बनलेल्या चित्रपटांना मात्र हा आक्षेप लागू पडतो.

दुसरा आक्षेप असा: चित्रपट स्ट्रीमिंगवर आहे, मग डिस्क कशाला? समाधान असे की तेथील उपलब्धता हक्कांच्या करारावर टिकते, आणि तेथे कोणता पाठ मिळेल हे प्रेक्षक ठरवत नाही. अल्पव्ययी चित्रपटांचे हक्क छोट्या वितरकांमध्ये हात बदलत राहतात. त्यामुळे हा धोका त्यांना विशेष आहे.

भारतीय ग्राहकासाठी एक बाह्य अट उरते. डीव्हीडीसाठी भारत प्रदेश ५ मध्ये आणि ब्लू-रेसाठी प्रदेश सी मध्ये येतो. अमेरिकेच्या ए किंवा ब्रिटनच्या बी प्रदेशापुरती बांधलेली डिस्क येथील सामान्य प्लेअरवर चालत नाही. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला प्रदेशबंधन नाही.

यावरून निर्णयाचा क्रम ठरतो. प्रथम पुनर्दर्शनाची इच्छा आहे का ते पाहावे. नसल्यास विचार तेथेच थांबतो, अपवाद फक्त दुर्मीळ पाठ जपणाऱ्या अभ्यासकाचा. नंतर डिस्क आपल्या प्लेअरवर चालेल का ते पाहावे. मग मूळ, पाठ आणि प्रतिरूपण यांची तुलना सहज मिळणाऱ्या प्रतीशी करावी. तिन्हींपैकी एका अंगात तरी डिस्क स्पष्टपणे सरस असेल आणि उरलेल्या दोहोंत उणी नसेल, तर ती घ्यावी.

या क्रमात निर्मितीखर्च कोठेही निकष म्हणून आलेला नाही. त्याचा परिणाम अप्रत्यक्ष आहे: अल्पव्ययी चित्रपटाचे मूळ साहित्य अनेकदा नीट जपले जात नाही, पाठ अनेक होतात आणि आवृत्त्यांमधले अंतर वाढते. म्हणून संग्राह्यता हा चित्रपटाचा धर्म नसून आवृत्तीचा धर्म आहे. एकाच ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ची कापलेली डीव्हीडी सोडून द्यावी आणि पूर्णतर डिस्क घ्यावी, या दोन निर्णयांत विसंगती नाही.